डब्यावरचे आकडे वाचा : मोटरसायकलच्या घरगुती देखभालीबद्दल वाचकांचे प्रश्न

पावसाळ्याच्या तोंडावर आलेली पत्रं या अंकात घेतली आहेत. बहुतेकांची तक्रार एकच : दुकानदार एक सांगतो, गॅरेजवाला दुसरंच, मग ऐकायचं कुणाचं? गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेचं ऐकायचं, आणि डब्यावर, प्लगवर, टायरवर जे छापलेलं असतं त्याचं. पुस्तिका हरवली असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर ती फुकट उतरवून घेता येते. हाताशी ठेवा, पुढे तिचा उल्लेख वारंवार येणार आहे.

प्रश्न : माझी स्प्लेंडर ६० हजार किलोमीटरच्या पुढे गेली आहे. इथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. गॅरेजवाले म्हणतात, १०डब्ल्यू-३० फार पातळ पडतं, २०डब्ल्यू-५० टाका. घरी कारचं चांगलं सिंथेटिक ऑइल उरलं आहे, तेही चालेल का? यापुढे ऑइल मी घरीच बदलणार आहे. – एक वाचक, नागपूर

कारचं ऑइल टाकू नका. बहुतेक मोटरसायकलींमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये, विशेषतः इंधनबचतीचा दावा करणाऱ्या पातळ ऑइलमध्ये, घर्षण कमी करणारी रसायनं असतात. कारचा क्लच कोरडा असल्यामुळे तिथे ती चालतात. तुमच्या क्लच प्लेटना पकडीसाठी घर्षणच हवं असतं. ते कमी झालं की चढावर रेस वाढते, गाडी वेग घेत नाही आणि प्लेट जळतात. म्हणून डब्याच्या मागे जासो (JASO, मोटरसायकल ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलंय का ते बघा. जासो एमबी लिहिलेला डबा गिअर नसलेल्या स्कूटरसाठी असतो. दुकानात हे डबे शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि रंगही सारखेच, त्यामुळे उचलण्यात गफलत होते.

आता पातळ-जाडीचा मुद्दा. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो आणि नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा किती राहतो ते. म्हणजे ‘३०’ हा आकडा मुळातच तापलेल्या ऑइलचा आहे. नागपूरचा उन्हाळा पुस्तिका लिहिणाऱ्यांच्या हिशेबाबाहेर नाही. तिच्यात हवेच्या तापमानाप्रमाणे ऑइल निवडायचा तक्ता दिलेला असेल तर त्यातला जाड पर्याय घ्यायला हरकत नाही. पण १०० सीसीच्या या इंजिनात एकदम २०डब्ल्यू-५० ओतलं तर सकाळी पहिल्या किकनंतर ऑइल वर कॅमपर्यंत पोचायला वेळ लागतो, इंजिन जड फिरतं आणि अॅव्हरेजही घटतं. जुन्या पल्सरला २०डब्ल्यू-५० आणि रॉयल एनफिल्डच्या ३५० ला १५डब्ल्यू-५० सांगितलं आहे, कारण ती इंजिनं तशी बांधली आहेत. एकाची सवय दुसऱ्याला लावायची नाही. तुमची गाडी ऑइल पिते का हे आधी पाहा. हजार किलोमीटरमध्ये पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर येत असेल आणि सायलेन्सरमधून निळसर धूर दिसत असेल, तर दोष रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलचा आहे. जाड ऑइलने तो थोडे दिवस झाकला जाईल, इतकंच.

घरी बदलताना इंजिन तीन-चार मिनिटं चालू ठेवून बंद करा. ऑइल कोमट झालं की पूर्ण उतरतं. चटका बसेल इतकं तापवू नका. गाडी डबल स्टँडवर घ्या, वरचं फिलर झाकण सैल करा आणि खालचा ड्रेन बोल्ट उघडा. या गाड्यांना बहुधा १७ नंबरचा पाना लागतो. पाना रिंगचा किंवा बॉक्सचा घ्या, कारण उघड्या तोंडाच्या पान्याने बोल्टच्या कडा गोल होतात. दहा मिनिटं निथळू द्या आणि किक दोन-तीन वेळा हाताने हळू दाबा. बोल्टचा वॉशर दर वेळी नवा घाला. तो दहा-वीस रुपयांचा असतो, आणि जुना दबलेला वॉशर गळतो म्हणून माणूस बोल्ट जास्त आवळत जातो. ॲल्युमिनियमचे आटे जातात ते नेमके असेच. पुस्तिकेतला टॉर्क (आवळण्याचा जोर) साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर असतो, म्हणजे छोट्या पान्याला एका मनगटाचा जोर. पाय ठेवून आवळायचं नाही.

नवं ऑइल पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा ५० मिलिलिटर कमीच ओता. मिनिटभर इंजिन चालवा, तीन मिनिटं थांबा, मग डिपस्टिक पुसून पातळी बघा. हिरो-होंडाच्या गाड्यांत डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून मोजतात. फिरवून आत घालून मोजलं तर ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. खरोखरच जास्त भरलं तर फेस येतो आणि ब्रीदरच्या नळीतून ऑइल एअर फिल्टरमध्ये शिरतं. या इंजिनाला कागदी ऑइल फिल्टर नाही. जाळी आणि उजव्या कव्हरमागचा फिरता फिल्टर असतो. तो साफ करायला क्लच कव्हर उघडून गॅस्केट बदलावं लागतं, ते मोठ्या सर्व्हिसिंगला गॅरेजमध्ये करून घ्या.

जुनं ऑइल गटारात किंवा अंगणात ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. आणि नव्या ऑइलचा रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला भोक पाडा, कारण बनावट ऑइल असल्याच डब्यांत भरून परत बाजारात येतं.

प्रश्न : १५० सीसीची गाडी, चेन उघडी. मेकॅनिक दर महिन्याला चेन ताणून देतो, तरी पंधरा दिवसांत कटकट आवाज सुरू होतो. नुसती चेन बदलली तर चालेल का? – एक वाचक, सातारा

दर महिन्याला ताणावी लागते म्हणजे चेन संपत आली आहे. पण अंदाजाने बदलू नका, मोजा. चेनच्या पट्टीवर ४२८ किंवा ५२० असा आकडा कोरलेला असतो. ४२८ च्या दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिलिमीटर असतं. खालची बाजू ताणून धरा, एका पिनेच्या मध्यापासून विसाव्या अंतरापर्यंत, म्हणजे २१ व्या पिनेच्या मध्यापर्यंत, स्टीलची पट्टी लावा. नवी चेन २५४ मिलिमीटर भरते. २५९ च्या आसपास पोचली की ती निवृत्त करा. ५२० मध्ये नवं माप ३१७.५ असतं आणि मर्यादा कंपनीगणिक वेगळी, ती पुस्तिकेत पाहा. चेनच्या तीन-चार ठिकाणी मोजा, कारण झीज सगळीकडे सारखी नसते. दुसरी खूण : मागच्या स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्राच्या) मागच्या टोकाला चेन बोटांनी बाहेर ओढा. दात अर्ध्याहून जास्त उघडा पडत असेल तर चेन वाढली आहे.

नुसती चेन बदलायची नाही. जुन्या स्प्रॉकेटचे दात एका बाजूने हुकासारखे वाकडे झालेले असतात. नवी चेन त्यावर नीट बसत नाही आणि काही हजार किलोमीटरमध्ये तीही लांबते. पुढचं, मागचं आणि चेन असा पूर्ण किट घ्या, दातांची संख्या मूळचीच ठेवा. पुढचा एक दात कमी केला तर पिकअप वाढतो, पण महामार्गावर इंजिन सतत जास्त फेऱ्यांवर ओरडत राहतं. किट बदलताना मागच्या हबमधली रबरं काढून बघा. स्प्रॉकेट हाताने पुढेमागे हलवल्यावर सैल लागत असेल तर निम्मा कटकट आवाज तिथूनच येत असतो. अनेक मेकॅनिक ही रबरं न बघताच चेनला दोष देतात.

ढिलाई किती ठेवायची? बहुतेक गाड्यांत खालच्या बाजूच्या मध्यावर वरखाली मिळून २० ते ३० मिलिमीटर, नेमका आकडा चेन कव्हरवरच्या स्टिकरवर असतो. चाक फिरवत जाऊन चेन जिथे सर्वात घट्ट लागते तिथे मोजा. सैल जागी मोजून ताणली तर घट्ट जागी ती तारेसारखी ताणली जाते. माणूस बसल्यावर मागचा चिमटा (चाक धरणारा स्विंगआर्म) वर येतो, तेव्हा दोन्ही स्प्रॉकेटमधलं अंतर वाढतं, आणि ढिलाई नसलेली चेन गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टचं बेअरिंग आणि चाकाचं बेअरिंग खाते. शंका असेल तर पाच मिलिमीटर सैल चालेल, घट्ट नको.

एक्सलचा नट सैल करा. ड्रम ब्रेकच्या गाड्यांत स्प्रॉकेट बाजूचा मोठा नटही सैल करावा लागतो, तो विसरला की ॲडजस्टर फिरवूनही चाक हलत नाही. मग दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवा, एका वेळी पाव फेरा, आणि चिमट्यावरच्या खुणा दोन्हीकडे जुळवा. आवळून झाल्यावर ढिलाई पुन्हा मोजा, कारण आवळताना ती बदलते. चाक मागे सरकल्यामुळे मागच्या ब्रेकची पट्टीही ताणली जाते, तेव्हा पॅडलचा प्ले बघितल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका. जोडकडीची क्लिप असेल तर तिचं बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवं. उलटी बसवलेली क्लिप दगड लागून उडते.

सफाईला रॉकेल आणि मऊ ब्रश वापरा. ओ-रिंगच्या चेनला पेट्रोल आणि तारेचा ब्रश लावायचा नाही, रबरं फाटतात आणि आतलं ग्रीस निघून जातं. पुसून वाळवा, मग चेनच्या आतल्या बाजूला ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन स्प्रे लावा. फिरून आल्यावर चेन कोमट असताना लावून रात्रभर राहू द्या. पावसाळ्यात दर ३००–४०० किलोमीटरला लावा. चाक नेहमी हाताने फिरवा. इंजिन चालू करून, गिअरमध्ये टाकून फिरत्या चेनला कापड लावू नका. कापड ओढलं जातं आणि बोटं स्प्रॉकेटमध्ये जातात. अशाने बोटं तुटतात.

प्रश्न : १२५ सीसीच्या गाडीला पुस्तिकेत सीपीआर८ईए-९ हा प्लग सांगितला आहे. दुकानात नव्हता म्हणून सीपीआर६ईए-९ दिला. बसला व्यवस्थित. चालवू का? – एक वाचक, कोल्हापूर

घरी आणण्यापुरती चालवा, मग बदला. एनजीकेच्या या नावात पहिला ‘सी’ म्हणजे १० मिलिमीटरचा आटा, ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर, ‘ई’ म्हणजे १९ मिलिमीटर लांबीचा आटा आणि शेवटचा ९ म्हणजे ०.९ मिलिमीटर गॅप. हे सगळं जुळतंय म्हणून तो बसला. मधला आकडा मात्र प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो ते सांगतो, आणि तिथे ८ च्या जागी ६ आला आहे. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड. ६ नंबरचं टोक तुमच्या इंजिनात गरजेपेक्षा जास्त तापेल, लांबच्या प्रवासात ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटेल, आणि त्याचा मार पिस्टनच्या डोक्यावर बसतो. बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकड्यांचा क्रम नेमका उलटा असतो, म्हणून कंपनी बदलताना आकड्याला आकडा जुळवू नका. पर्यायी प्लगचा तक्ता दुकानात मागा.

‘आर’ नसलेला प्लग फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत घालू नका. ठिणगीचा विद्युत गोंधळ ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) आणि सेन्सरपर्यंत पोचतो आणि गाडी कारण नसताना अडखळते.

प्लग थंड इंजिनावरच काढा. आधी भोवतालची माती फुंकून टाका, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग सुरुवातीला पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरवा. मध्येच अडला तर आटे तिरके लागले आहेत, मागे घ्या. वॉशर टेकल्यावर नव्या प्लगला अर्धा फेरा पुरतो. एकदा वापरलेल्या प्लगला जेमतेम बाराव्या हिश्श्याचा. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडं काळं म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला, ओलं तेलकट काळं म्हणजे ऑइल वर येतंय.

प्रश्न : दर सर्व्हिसिंगला एअर फिल्टरला हवा मारून घेतो, तरी गाडी पिकअप घेत नाही. – एक वाचक, सोलापूर

हवा मारल्यामुळेच असेल. आता बऱ्याच गाड्यांत तेल लावलेला कागदी फिल्टर येतो, हाताला किंचित चिकट लागतो. धूळ त्या तेलात अडकते. हवेचा झोत मारला की तेल उडतं, कागद फाटतो आणि धूळ थेट सिलिंडरमध्ये. हा फिल्टर साफ करायचा नसतो, मुदत झाली की फेकायचा. मुदत पुस्तिकेत असते, बहुधा १२ ते १६ हजार किलोमीटर. ज्वारीच्या मळणीच्या दिवसांत कच्च्या रस्त्यांवर फिरत असाल तर निम्मी धरा. स्पंजचा फिल्टर असेल तर तो रॉकेलमध्ये धुवा, पिळू नका, दाबून काढा, वाळवा आणि इंजिन ऑइलमध्ये भिजवून जास्तीचं दाबून टाका. झाकण लावताना रबरी कड सगळीकडे बसली का ते बोट फिरवून बघा.

प्रश्न : आंबेनळी घाट उतरताना पुढच्या डिस्क ब्रेकचा लिव्हर हळूहळू हँडलला टेकू लागतो. पोलादपूरला चहाला थांबलो की पुन्हा ठीक. पॅड तर नवे आहेत. – एक वाचक, महाबळेश्वर

पॅडचा दोष नाही, ब्रेक ऑइल जुनं झालं आहे, आणि हे दुखणं घाटात जिवावर बेतू शकतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषल्यावर हीच मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. डॉट ३ मध्ये आकडे २०५ आणि १४० आहेत. सतत ब्रेक धरून उतरलात की पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमधलं ऑइल उकळतं, वाफ होते, वाफ दाबली जाते आणि लिव्हर नुसता आत जातो. थंड झालं की वाफ विरते, म्हणून चहानंतर ठीक. महाबळेश्वरसारख्या दमट गावात ब्रेक ऑइल बदलायची दोन वर्षांची मुदत अजिबात लांबवू नका.

हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट ३ की ४ ते लिहिलेलं असतं, तेच घ्या. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल आहे, ते यात मिसळत नाही. सीलबंद छोटी बाटली आणा. उघडून ठेवलेली जुनी बाटली वापरू नका, तिनेही ओल शोषलेली असते. पेट्रोलची टाकी आणि इंजिनावर ओलं फडकं टाका, कारण हे ऑइल रंग खातं. सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. कॅलिपरवरच्या ऑइल सोडायच्या निपलला बहुधा ८ नंबरचा रिंग पाना लागतो. पाना अडकवून पारदर्शक नळी लावा, नळीचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. लिव्हर दाबून धरा, निपल पाव फेरा उघडा, ऑइल बाहेर येईल, लिव्हर दाबलेलाच ठेवून निपल बंद करा, मग सोडा. हा क्रम चुकला की हवा आत जाते. वरच्या टाकीतली पातळी खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नका, दर पाच-सहा दाबांनंतर भरत राहा. नळीतलं ऑइल चहापत्तीच्या रंगावरून फिकट पिवळं झालं आणि बुडबुडे थांबले की काम झालं. एबीएसच्या गाडीतही हाच क्रम चालतो, मात्र टाकी एकदा जरी रिकामी होऊन एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली तर सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं.

पॅड बदलायचे असतील तेव्हा : अस्तर एक मिलिमीटरवर आलं किंवा त्यातली खाच बुजली की पॅड संपले. पिस्टन मागे ढकलताना टाकी भरून वाहू शकते, लक्ष ठेवा. सरकपिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा, साधं ग्रीस रबर फुगवतं. डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. आणि पॅड बसवल्यावर गाडी हलवण्याआधी लिव्हर कडक होईपर्यंत दाबत राहा, पहिले तीन-चार दाब रिकामे जातात. पहिले १००–१५० किलोमीटर जोरात ब्रेक मारू नका.

उतरताना गाडी ज्या गिअरमध्ये तो घाट चढते त्याच गिअरमध्ये ठेवा. ब्रेक मारून सोडा, धरून ठेवू नका.

प्रश्न : बीएस६ गाडी वीस दिवस बंद होती. स्टार्टर नुसता टकटक करतो आणि किकनेही सुरू होत नाही. जुनी गाडी तर किकने व्हायची. – एक वाचक, डोंबिवली

१ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस६ मोटरसायकलींत बहुतेकींना फ्युएल इंजेक्शन आहे. पेट्रोलचा पंप आणि ईसीयू विजेवर चालतात, बॅटरी पार बसली की बऱ्याच गाड्यांत किक मारून काही उपयोग नसतो.

तीनशे-चारशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या, बॅटरी उगाच बदलण्याचे पैसे पहिल्याच वेळी वाचतील. रात्रभर गाडी बंद राहिल्यावर बॅटरीवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. १२ च्या खाली असेल तर रिकामी. स्टार्टर दाबताना काटा साडेनऊच्या खाली कोसळत असेल आणि चार्ज केल्यावरही तसंच होत असेल तर बॅटरी गेली. इंजिन चालू करून रेस दिल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा यायला हवा. तो १२.५ वरच अडकला तर दोष चार्जिंगचा आहे, आणि नवी बॅटरीसुद्धा महिन्याभरात बसेल. दुकानदार हे न तपासताच नवी बॅटरी विकतात, याचा राग यायला हवा.

चार्ज करताना बॅटरीच्या अँपिअर-अवरचा दहावा हिस्सा करंट द्या. ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअर. कारचा मोठा चार्जर लावलात तर ती फुगते. काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना आधी पॉझिटिव्ह. सीलबंद बॅटरीची पट्टी उचकटून पाणी घालू नका. मोबाइल चार्जर किंवा सायरन थेट बॅटरीला जोडला असेल तर तो सुटा करून बघा, वीस दिवसांत बॅटरी बसवायला तेवढाच पुरतो. महिनाभर बाहेर जाणार असाल तर निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

प्रश्न : कार्ब्युरेटरची जुनी गाडी आहे. पेट्रोलची रबरी नळी फुगते, सैल होते. पारदर्शक नळी लावू का? – एक वाचक, म्हापसा

नको. साधी पारदर्शक नळी पेट्रोलमध्ये काही महिन्यांत पिवळी आणि कडक होते, मग टोकाशी तडकते, आणि ती तापलेल्या इंजिनावरच असते. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या प्रतीचं रबर त्यात फुगतं. ज्या नळीवर ती इंधनाची असल्याचं आणि एसएई जे३० हे मानक छापलेलं असेल ती घ्या, आतला व्यास जुन्या नळीइतकाच, दोन्ही टोकांना नवी क्लिप. कार्ब्युरेटर उघडाल तेव्हा फ्लोट बाऊलचं गॅस्केट आणि नीडल व्हॉल्व्हही बघा. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून पावसात टाकी रिकामी ठेवून गाडी आठवडेच्या आठवडे उभी करू नका. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत २० टक्के मिश्रणात ६–७ टक्के ऊर्जा कमी भरते. अॅव्हरेज त्याहून जास्त घसरलं असेल तर कारण गाडीत शोधा.

प्रश्न : २२ जुलै २०२१ च्या पुरात शेजारच्या दोन गाड्या पाणी ओसरल्यावर लगेच किक मारल्यामुळे कायमच्या गेल्या. पुन्हा तशी वेळ आली तर काय करायचं? – एक वाचक, चिपळूण

चावी लावू नका, किक मारू नका, ढकलून गिअरमध्ये सोडू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. विमा घेतला असेल तर पाण्याची पातळी दिसेल असे फोटो काढा आणि कंपनीला कळवा. बुडाल्यानंतर इंजिन सुरू करून झालेलं नुकसान विमा कंपन्या बहुधा नाकारतात.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाडीवरचा गाळ वाळायच्या आत स्वच्छ पाण्याने, पाइपाला जोर न देता धुवा. वाळलेला गाळ बेअरिंग आणि सीलमध्ये घट्ट बसतो. आता एअर फिल्टरचा डबा उघडा, पाणी काढा, कागदी फिल्टर फेकून द्या. प्लग काढा. किक हाताने हळूहळू दाबा, किंवा वरच्या गिअरमध्ये मागचं चाक फिरवा, प्लगच्या भोकातून पाणी उडेल. तोंड बाजूला ठेवा. पाणी थांबलं की भोकातून ५–१० मिलिलिटर इंजिन ऑइल सोडून पुन्हा आठ-दहा वेळा फिरवा. हे पहिल्या दिवशीच करायला हवं, कारण ओल्या सिलिंडरला गंज चढायला वेळ लागत नाही. बाकीची कामं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केली तरी चालतात.

ड्रेन बोल्ट उघडल्यावर आधी पाणी येईल, मग दुधाच्या चहासारखं ऑइल. ते पूर्ण निथळू द्या. आता स्वस्तातलं पण जासो एमएचं ऑइल भरा, अजून सुरू करू नका. पेट्रोलची टाकी रिकामी करा, पाणी तळाला बसतं आणि इंजेक्शनच्या गाडीत पंपही तिथेच असतो. कार्ब्युरेटर असेल तर फ्लोट बाऊलचा स्क्रू उघडून पाणी सोडा. सायलेन्सर उतरवून उलटा करा. वायरिंगचा प्रत्येक जोड सोडवून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि पूर्ण दिवस वाळवा, फ्यूज आणि ईसीयूचा जोड विसरू नका. पुराच्या पाण्यात बॅटरी बरेच तास राहिली असेल तर काढून तपासून घ्या.

मग नवा प्लग आणि ताजं पेट्रोल घालून इंजिन सुरू करा, तीन-चार मिनिटं रेस न देता चालवा आणि ऑइल पुन्हा काढा. दुधाळ दिसलं तर हाच फेरा परत. सहसा दोन फेऱ्या लागतात, कधी तीन. शेवटी कागदी ऑइल फिल्टर असेल तर तो आणि योग्य प्रतीचं ऑइल. काही लोक डिझेल किंवा रॉकेल घालून इंजिन धुतात. ते करू नका. पातळ डिझेलवर चालवलेल्या इंजिनात बेअरिंगना ऑइलचा थर मिळत नाही.

आठवड्याभरात दोन्ही चाकं काढा. ड्रममधला गाळ काढून ब्रेक शू वाळवा आणि पॉलिश पेपरने घासा. चाकांची बेअरिंग बोटाने फिरवून बघा, खरखरली तर बदला. हँडलच्या कोनसेटमध्ये आणि चिमट्याच्या बुशमध्ये नवं ग्रीस भरा. पुढच्या फोर्कचं ऑइल काढून बघा, गढूळ असेल तर सीलसकट बदला. हे सगळं टाळून गाडी चालली तरी दोन-तीन महिन्यांत बेअरिंग ओरडू लागतात. गाडी बाजारात पूरग्रस्त म्हणून कवडीमोल जाते, आणि अशी नीट उघडून साफ केलेली गाडी पुढे वर्षानुवर्षं चालते. कोकणात तरी एवढी मेहनत घ्यावीच.

प्रश्न : ‘नवा’ म्हणून दिलेल्या टायरवर १२२१ असा आकडा आहे. याचा अर्थ काय? – एक वाचक, जळगाव

२०२१ सालच्या १२ व्या आठवड्यात तो बनला आहे. नवा टायर दोन वर्षांपेक्षा जुना असेल तर परत करा. उन्हात टांगलेला असेल तर नक्कीच, कारण कडेचं रबर कडक झालेलं असतं. खरेदीआधी हा चार आकडी कोड वाचायची सवय ठेवा, तो कधी कधी टायरच्या एकाच बाजूला असतो. दुचाकीसाठी नक्षीची खोली केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार किमान ०.८ मिलिमीटर हवी, पण पावसात पाणी बाहेर फेकायला ती पुरत नाही. जूनआधी दीड-दोन मिलिमीटरवर आलेला टायर बदलून टाका. बसवताना कडेवरचा बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेला आहे का ते दुकानातून निघायच्या आधी बघा. साध्या स्पोकच्या रिमवर ट्यूबलेस टायर घेतला तरी आत ट्यूब घालावीच लागते, आणि ती टायरच्याच मापाची घ्या.